घरची गाडी, भाड्याची गाडी आणि कंपनीची वॉरंटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीआधी, गणपतीच्या तोंडावर आणि दसरा-दिवाळीच्या बुकिंगच्या दिवसांत वाचकांकडून तेच तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे जरा अडचणीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कंपन्यांच्या अटी आणि किमती बदलत राहतात, त्यामुळे सही करण्यापूर्वी ताजा कागद मागून घ्या.

१. घरात आम्ही सहा जण आहोत. सात सीटची गाडीच घ्यावी लागेल ना?

मागच्या वर्षाचं कॅलेंडर काढा आणि सहाही जण एकाच वेळी गाडीत बसलात असे दिवस मोजा. आजी-आजोबा देवळात आणि दवाखान्यात जातात, पण तेव्हा मुलं शाळेत असतात. मुलांना क्लासला सोडताना आजोबा घरी पेपर वाचत असतात. बहुतेक घरांत हा आकडा गणपती, एखादं लग्न, कुलदैवताचं दर्शन आणि मे महिन्यातली एक सहल एवढ्यावर थांबतो. पंधरा-वीस दिवसांसाठी वर्षभर मोठी गाडी सोसायटीच्या खांबांमधून मागेपुढे करत बसायचं का, हा खरा प्रश्न आहे.

माझं मत सरळ आहे: गाडी रोजच्या वापरासाठी घ्यावी आणि गणपतीसाठी भाड्याने आणावी. याला दोन अपवाद मात्र आहेत. गाव दीड-दोनशे किलोमीटरच्या आत असेल आणि दर महिन्याला सगळे मिळून जात असाल, तर सात सीटची गाडी घ्या. घरात कोणी आजारी असेल, सोबत दोन माणसं आणि व्हीलचेअर न्यावी लागत असेल, तर तिसरी रांग पाडून मिळणारी जागा उपयोगाची ठरते. पैशाचा हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे.

२. ट्रायबर, अर्टिगा आणि कॅरेन्स तिन्ही सात सीटच्या. मग फरक काय?

लांबीपासून सुरू करू. रेनॉ ट्रायबर ३.९९ मीटर, मारुतीची अर्टिगा साधारण ४.४ मीटर आणि कियाची कॅरेन्स ४.५४ मीटर. ट्रायबरला एक लिटरचं, तीन सिलिंडरचं ७२ पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद, साधारण अश्वशक्तीच) पेट्रोल इंजिन आहे. अर्टिगाचं इंजिन दीड लिटरचं, सुमारे १०३ पीएसचं. कॅरेन्स घराण्यात दीड लिटरचं पेट्रोल, टर्बो पेट्रोल आणि डिझेलही मिळतं. अर्टिगाचं डिझेल २०२० पासून बंद आहे, त्यामुळे कोणी नवी अर्टिगा डिझेलमध्ये मिळवून देतो म्हणाला तर तो जुन्या गाडीबद्दल बोलतोय.

शहरात ट्रायबर सुखाची आहे. सात माणसं, डोक्यावर कॅरिअर आणि समोर आंबा घाट असा प्रसंग आला की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागतं. मग कोणीतरी म्हणतंच, "जरा एसी बंद कर रे." तिची खरी करामत वेगळीच आहे. तिसऱ्या रांगेच्या सीट पूर्ण काढून घरी ठेवता येतात आणि मग ६२५ लिटरची डिकी मिळते. सातही सीट लावल्या की तीच डिकी ८४ लिटरवर येते, म्हणजे भाजीच्या दोन पिशव्या आणि एखादी छत्री. अर्टिगा २०९ आणि कॅरेन्स २१६ लिटर देते, पण सात माणसांचं तीन दिवसांचं सामान त्यातही मावत नाही.

शोरूममध्ये गेल्यावर तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. विक्रेत्याला बसवून "बघा, किती आरामात बसलाय" असं ऐकू नका. गुडघे छातीशी येतात का, खिडकीतून बाहेर दिसतं का, एसीचा झोत तिथवर पोचतो का आणि आजीला दुसऱ्या रांगेची सीट दुमडून आत शिरता येतं का, हे पाहा. शेवटच्या परीक्षेत बहुतेक गाड्या नापास होतात.

३. चार मीटरच्या आतली गाडी स्वस्त पडते म्हणतात. कारण काय?

कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४००० मिलिमीटरपर्यंत लांबीच्या गाडीला, इंजिन पेट्रोलचं १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेलचं १५०० सीसीपर्यंत असेल तर, १८ टक्के जीएसटी लागतो. त्याहून मोठ्या गाडीला ४० टक्के. लांबी आणि इंजिन या दोन्ही अटी एकदम पाळल्या तरच सवलत मिळते. म्हणून ट्रायबर १८ टक्क्यांत बसते आणि अर्टिगा ४० मध्ये जाते. इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के आहे, तिथे लांबीचा प्रश्न येत नाही.

४. पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

महाराष्ट्रात आरटीओचा एकरकमी करच इंधनाप्रमाणे बदलतो. पेट्रोलला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ आणि वर १३. डिझेलला याच टप्प्यांवर १३, १४, १५. सीएनजीला १ जुलै २०२५ पासून ८, ९ आणि १०. म्हणजे ऑन-रोड किमतीत सीएनजीची बचत पहिल्याच दिवशी दिसते.

रोज साठ-सत्तर किलोमीटर जात असाल आणि वाटेत पंप असेल तर सीएनजी घ्या. महिन्याला पाचशे किलोमीटरसुद्धा होत नसतील तर पंपावरच्या रांगेत आयुष्य का घालवायचं? सात सीटच्या सीएनजी गाडीत टाकी शेवटच्या रांगेमागे बसते, म्हणजे उरलीसुरली डिकीही गेली. टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखालची तपासणी) करावी लागते, ती तारीख लिहून ठेवा. डिझेल वर्षाला वीस हजार किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्यांसाठी. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत डिझेल गाडीच्या धुरांड्यातला फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो दिवा घेऊन वॉरंटी मागायला गेलात की "तुमच्या वापरामुळे" असं उत्तर मिळू शकतं.

५. स्टार रेटिंग बघून गाडी घ्यावी का?

बघावंच. भारत एनकॅप, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षितता तपासण्याचा आपला कार्यक्रम, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे देतं. जाहिरातीत एकच आकडा ठळक असतो, दुसराही विचारा. समोरच्या धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. तिच्यात मोठ्यांचे पुतळे पुढे आणि मुलांचे मागे असतात. पट्टा न लावता मागे बसलेल्या आत्याबाईंसाठी त्या ताऱ्यांना काही अर्थ नाही. मागच्या सीटवरही पट्टा सक्तीचा आहे, नसल्यास दंड १००० रुपये. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तरी तेवढाच.

६. भाड्याची गाडी नेमकी कधी परवडते? आकडे मांडून सांगा.

समजा, पाच आणि सात सीटच्या गाड्यांत ऑन-रोड ३ लाखांचा फरक आहे. आठ वर्षांनी गाडी विकताना त्यातले निम्मे परत येतात असं धरू. राहिले दीड लाख, म्हणजे वर्षाला साधारण १८,७५०. वर्षाला १०,००० किलोमीटर फिरताना एकीला लिटरमागे १९ आणि दुसरीला १६ किलोमीटर मिळत असतील, तर मोठीला सुमारे १०० लिटर पेट्रोल जास्त लागतं, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. विमा आणि सर्व्हिसचे तीनेक हजार वर. एकूण वर्षाला ३२,००० रुपये तुम्ही फक्त त्या मागच्या रांगेसाठी देता. कर्जाचं व्याज यात धरलेलं नाही.

आता भाडं. पुण्याहून मालवण एका बाजूने पावणेचारशे किलोमीटर. तीन दिवसांची फेरी, सात सीटची गाडी ड्रायव्हरसकट, दर समजा किलोमीटरला १५ रुपये. तीन दिवसांचे किमान ९०० किलोमीटर धरून (का, ते प्रश्न ७ मध्ये) १३,५००. ड्रायव्हर भत्ता दीड हजार आणि टोल-पार्किंग हजार, म्हणजे १६,०००. पण तुम्ही स्वतःच्या गाडीने गेला असतात तरी पेट्रोल आणि टोलचे सहा हजार गेलेच असते. म्हणजे भाड्यासाठी जादा गेले दहा हजार.

बत्तीस हजारांत अशा तीन फेऱ्या होतात. वर्षाला तीनपर्यंत मोठ्या सहली असतील तर भाडं, चौथीपासून सात सीटची गाडी विकत. तुमचे आकडे वेगळे असतील, पण पद्धत हीच ठेवा. आणि एक गोष्ट हिशेबात येत नाही: करूळ घाटात दुसरा कोणीतरी गाडी चालवतोय आणि तुम्ही खिडकीतून दरी बघताय.

७. ट्रॅव्हल्सवाल्याने किलोमीटरला १५ रुपये सांगितले, बिल मात्र खूपच जास्त आलं. फसवलं का?

बहुतेक वेळा फसवलेलं नसतं, सांगितलेलं नसतं. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची रीत आहे. महाबळेश्वरला जाऊन दोन दिवस गाडी हॉटेलसमोर उभी राहिली तरी त्या दिवसांचे पैसे लागतात. किलोमीटर गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, तुमच्या दारापासून नाही. दिवस रात्री बारा ते बारा धरला जातो. रात्री अकराला निघालात तर त्या एका तासाचा एक दिवस झाला, हे निघताना लक्षात येत नाही. पहाटे चारला निघा, पैसे वाचतात आणि ड्रायव्हरची झोपही झालेली असते.

ठरवताना किमान किलोमीटर, दिवसाची गणती, ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा आकार, टोल आणि पार्किंग या सगळ्यांचा एकच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज मागून घ्या. एसीचे पैसे वेगळे नाहीत ना, हेही विचारा. घाटात "एसी लोड घेतो" म्हणून बंद करणारे अजून आहेत.

८. पांढरी, पिवळी आणि काळी नंबरप्लेट, यांचा अर्थ काय?

पांढऱ्यावर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी. पिवळ्यावर काळी म्हणजे टॅक्सी पासिंग, ड्रायव्हरसह भाड्याने. काळ्यावर पिवळी म्हणजे तुम्ही स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली, गोव्यात जागोजागी दिसते ती. हिरवी पाटी इलेक्ट्रिकची: अक्षरं पांढरी असतील तर खासगी, पिवळी असतील तर व्यावसायिक. टॅक्सी पासिंगच्या अनेक गाड्यांचा वेग ८० वर बांधलेला असतो, त्यामुळे द्रुतगती मार्गावर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून निघालेला फास्टॅगचा वार्षिक पास फक्त खासगी गाड्यांना आहे. भाड्याच्या गाडीला प्रत्येक टोल पूर्ण लागतो.

९. ओळखीतला एक जण पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देतो. घ्यायला काय हरकत आहे?

सगळं सुरळीत पार पडलं तर काहीच होत नाही. म्हणूनच हा धंदा चालतो. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. अपघात झाला आणि पैसे देऊन गाडी घेतल्याचं उघड झालं, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. परमिटशिवाय भाड्याने चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली १० हजारांचा दंड आहे आणि गाडी जप्त होऊ शकते. मग लहान मुलं आणि बॅगा घेऊन तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे. गोव्यात "रेंट-अ-कार आहे का?" म्हणून अशा गाड्या अडवल्या जातात, आणि "मित्राची आहे" असं सांगायला मालक आधीच पढवून ठेवतो. मित्राचं आडनाव विचारल्यावर पंचाईत होते.

खरोखरच्या भावाची किंवा मित्राची गाडी पैसे न देता नेली तर काहीच गैर नाही. आरसी, विमा, पीयूसी फोनमध्ये घ्या आणि मालकाला फोन उचलायला सांगून ठेवा. उलट बाजूने, म्हणजे स्वतःची गाडी भाड्याने लावण्याबद्दल, प्रश्न १८ पाहा.

१०. सेल्फ ड्राइव्ह गाडी ताब्यात घेताना काय तपासायचं?

चारी बाजूंचा व्हिडिओ, किलोमीटरचा आकडा, इंधनाचा काटा, स्टेपनी आणि जॅक. हे सगळे सांगतात. मी सांगतो ते पुढचं: मोबाइल जमिनीलगत धरून पुढच्या बंपरची खालची कड आणि चारही चाकांच्या रिम टिपा. माझ्याकडे वरचा सगळा व्हिडिओ होता. गाडी परत देताना तो माणूस थेट खाली वाकला आणि बंपरखालचा ओरखडा दाखवून अनामतीतले चार हजार कापले. तो ओरखडा आधीचाच होता याची मला खात्री आहे, पण पुरावा शून्य.

करारात दोन ओळी शोधा. अपघात झाला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार, आणि गाडी दुरुस्तीत असेल तितक्या दिवसांचं भाडं तुमच्यावर लागणार का. दुसरी ओळ पहिलीपेक्षा महाग पडू शकते. ई-चलान काही दिवसांनी मालकाच्या नावावर येतं, त्यामुळे अनामत लगेच परत मिळत नाही. पण ती किती दिवसांत मिळेल हे लिहून घ्या.

११. काळ्या पाटीची गाडी चालवायला बॅज लागतो का? आणि अमेरिकेहून येणाऱ्या मुलाला चालेल का?

साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं, लायसन्स पुरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हेच पक्कं केलं: साडेसात हजार किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन एलएमव्ही लायसन्सवर चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. भाड्याने देणारे मात्र किमान वयाची किंवा लायसन्स किती जुनं असावं याची स्वतःची अट घालतात.

परदेशातून येणाऱ्याने तिथूनच इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून आणावं. इथे आल्यावर ते मिळत नाही, आणि मूळ लायसन्सही सोबत लागतं. एक घरगुती सल्ला: बारा वर्षं डावीकडच्या स्टिअरिंगवर काढलेल्याला विमानतळावरून थेट कशेडीच्या दिशेने पाठवू नका. पहिले दोन दिवस ड्रायव्हर करा.

१२. वॉरंटीत नक्की काय येतं?

बनावटीतला किंवा मालातला दोष. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, एसीचा कॉम्प्रेसर, इलेक्ट्रॉनिक भाग यांत दोष निघाला तर कंपनी दुरुस्त करून देते किंवा भाग बदलते. गाडी बदलून देईन असं वॉरंटी म्हणत नाही. झिजणारे भाग तिच्यात येत नाहीत: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, फिल्टर, ऑइल. टायर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीची वॉरंटी त्या-त्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही.

भांडण हमखास क्लचवरून होतं. सहा हजार किलोमीटरवर क्लच गेला तर दोष गाडीचा की घाटात अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरणाऱ्या पायाचा? सर्व्हिस सेंटर दुसरं म्हणणार. तुम्ही काढलेल्या प्लेटचे फोटो आणि लेखी कारण मागा. प्लेट जळालेली असेल तर गप्प बसावं लागेल. स्प्रिंग तुटली असेल किंवा प्रेशर प्लेटला तडा असेल तर बोलायला जागा आहे.

१३. कोणती कंपनी किती वॉरंटी देते?

मारुतीने जुलै २०२४ मध्ये दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. टोयोटा आणि टाटाचीही साधारण तेवढीच. ह्युंदाई, किया आणि होंडा खासगी गाडीला तीन वर्षं देतात आणि किलोमीटरची मर्यादा घालत नाहीत. "किंवा" हा शब्द महत्त्वाचा आहे, जे आधी होईल ते. महिन्याला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्याची एक लाखाची वॉरंटी पंचवीस महिन्यांत संपते. त्याच्यासाठी अमर्याद किलोमीटरची तीन वर्षं कितीतरी मोलाची. आठवड्याला एकदा गाडी काढणाऱ्याला फरक पडत नाही.

१४. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

ऑटोमॅटिक, टर्बो, हायब्रिड, सनरूफ किंवा मोठा टचस्क्रीन असेल तर घ्या. साधं मॅन्युअल पेट्रोल आणि वर्षाला पाच हजार किलोमीटर असेल तर विचार करा. ती गाडीच्या कंपनीची आहे की डीलरने तिसऱ्याच कोणाची गळ्यात मारली आहे, हे कागदावर बघा. दुसऱ्या प्रकारात दावा करताना अटींची लांबलचक यादी निघते. गाडी घेतानाच घ्यायचा दबाव असला तरी अनेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्याआधी कधीही घेऊ देतात. थोडं महाग पडतं इतकंच.

१५. बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी जाते का?

भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, आणि बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. पुढे अपिलं झाली आणि पुस्तिकांतली भाषा अजूनही कडकच आहे. व्यवहारात काय करावं? वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणी आणि वेळेत करा. पंक्चर, वॉशिंग, अलाइनमेंट, वायपर बाहेर खुशाल करा आणि पावत्या ठेवा. अधिकृत ठिकाणीही "इंजिन फ्लशिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग" याला नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. ते पुस्तिकेच्या वेळापत्रकात नसेल तर त्यावाचून वॉरंटी जात नाही.

१६. बाहेरून सीएनजी किट, मोठे हेडलाइट किंवा म्युझिक सिस्टिम बसवली तर?

वायर कापली की इलेक्ट्रिकलची वॉरंटी धोक्यात, हे गणित लक्षात ठेवा. कपलरवर, म्हणजे वायर न कापता तयार जोडावर, बसणारी वस्तू तुलनेने सुरक्षित. बाहेरचं सीएनजी किट बसवलंत तर इंजिनाच्या वॉरंटीची आशा सोडा, आणि आरसीवर नोंद करून विमा कंपनीला कळवा. सीएनजी घ्यायचीच असेल तर कंपनीची घ्या.

१७. पावसाच्या पाण्यात गाडी बंद पडली. उंदरांनी वायर कुरतडली. वॉरंटी की विमा?

दोन्ही वॉरंटीबाहेर. दोष गाडीचा नाही, म्हणून विम्याकडे जा. पण तिथेही मेख आहे. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराने भिजलेल्या गाडीचे पैसे मिळतात. पाण्यात उभ्या गाडीला तुम्ही पुन्हा किल्ली मारली आणि इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते जाम झालं, तर तो खर्च इंजिन संरक्षणाचं जादा कवच असेल तरच मिळतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवसानंतर मुंबईकरांनी हा धडा पाठ केला. पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायची नाही, टो करायची. उंदरांसाठी पॉलिसीतले शब्द वाचा आणि बॉनेटखाली लक्ष ठेवा. तंबाखूची पुडी ठेवण्याचा उपाय आमच्याकडे अर्धा पावसाळा टिकला.

१८. माझी गाडी आठवडाभर उभीच असते. भाड्याने लावली तर वॉरंटीवर परिणाम होईल?

होऊ शकतो. अनेक पुस्तिकांत खासगी आणि व्यावसायिक वापराच्या अटी वेगळ्या असतात. अमर्याद किलोमीटर किंवा बॅटरीची आजीवन हमी असली आकर्षक कलमं बहुतेक खासगी वापरापुरती असतात. विमा आणि परमिटचा मुद्दा प्रश्न ९ मध्ये आला आहेच. केंद्राच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्यांची अट आहे, त्यामुळे एका गाडीचा मालक स्वतःच्या नावावर ते करू शकत नाही. महिन्याकाठी चार पैसे सुटतात म्हणून गाडी, विमा आणि वॉरंटी तिन्ही पणाला लावू नयेत असं मला वाटतं.

१९. दोन वर्षं वापरलेली गाडी घेतोय. उरलेली वॉरंटी मला मिळेल?

बहुधा हो. वॉरंटी पहिल्या विक्रीच्या तारखेपासून चालू असते आणि गाडीबरोबर जाते. आरसीवर नाव बदलल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाचं नाव बदलून घ्या. तिथेच चासी क्रमांकावरून सगळी सर्व्हिस हिस्टरी मागा, कारण एखादी सर्व्हिस चुकलेली असली तर दाव्याच्या वेळी ती पुढे येते.

इलेक्ट्रिक गाडीत इथेच फसायला होतं. टाटाच्या काही मॉडेलना आणि महिंद्राच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ईला जाहीर झालेली बॅटरीची आजीवन वॉरंटी पहिल्या खासगी मालकासाठी आहे. दुसऱ्या मालकाला वर्षं आणि किलोमीटर यांची मर्यादा लागू होते. किती, ते लेखी घ्या. गाडी पूर्वी पिवळ्या किंवा काळ्या पाटीवर होती का, हेही आरसीच्या इतिहासातून तपासा. टॅक्सीची खासगी केलेली गाडी बाहेरून चकचकीत असते, पण पॅडलचे रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड वय सांगून जातात.

२०. सर्व्हिस सेंटर दर वेळी "हे नॉर्मल आहे" म्हणून परत पाठवतं. काय करू?

तक्रार तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी जमा करताना भरतात त्या कागदावर, तुमच्याच शब्दांत लिहायला लावा: "थंड इंजिन, पहिला गिअर, खडखड आवाज." ते "जनरल चेकअप" लिहितात आणि पुढे पुरावा उरत नाही. तीन जॉब कार्डांवर तीच तक्रार असली की बाजू भक्कम होते. आवाजाचा व्हिडिओ घ्या आणि त्याच मॉडेलची दुसरी गाडी चालवून दाखवा म्हणा. नॉर्मल असेल तर तिच्यातही तोच आवाज यायला हवा. वॉरंटी संपायच्या आत तक्रार नोंदली गेली असेल तर दुरुस्ती नंतर झाली तरी हक्क टिकवता येतो, म्हणून शेवटच्या महिन्यात एकदा सगळं नोंदवून ठेवा.

पुढची पायरी कंपनीला ई-मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: ५० लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेची प्रकरणं तिथे चालतात. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये आणि मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, गाडी दुसऱ्या शहरातून घेतली असली तरी. तोच दोष अनेक गाड्यांत असेल तर एप्रिल २०२१ पासून सरकारलाही रिकॉल (दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) लावण्याचा अधिकार आहे. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवा.

२१. वॉरंटीच्या कामासाठी गाडी महिनाभर वर्कशॉपात आहे, सुटा भाग येत नाही. तोवर भाड्याने घेतलेल्या गाडीचे पैसे कंपनी देईल का?

पुस्तिकेप्रमाणे नाही. गाडी बंद असल्यामुळे झालेला प्रवासखर्च, बुडालेलं काम, हॉटेल हे सगळं जवळपास प्रत्येक कंपनी वगळते. तरीही मागा. डीलरकडे एखादी जादा गाडी असते आणि लेखी मागणाऱ्याला ती मिळण्याची शक्यता जास्त. विम्यातलं दैनिक भत्त्याचं जादा कवच अपघाताच्या दुरुस्तीला लागू होतं, वॉरंटीच्या कामाला नाही, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो.

आयोगात जायची वेळ आली तर भाड्याचा खर्च भरपाई म्हणून मागता येतो. त्यासाठी बिलं पक्की हवीत: पिवळ्या किंवा काळ्या पाटीच्या गाडीची, तारखेसकट, तुमच्या नावावर. ओळखीच्या माणसाला रोख दिलेले पैसे तिथे दाखवता येत नाहीत. आणि गाडी जमा केल्याच्या दिवशीच जॉब कार्डवर "देण्याची अपेक्षित तारीख" हा रकाना भरून घ्या. तो बहुतेक वेळा कोराच असतो.